क्वेबेक प्रांतांतील इंग्रजी शाळा

इंग्रजी भाषा आणि अल्पसंख्यांचे हक्क या दोन गोष्टी एका वाक्यांत आल्या म्हणजे आपल्याकडील श्रोत्याला क्षणभर चमत्कारिक वाटल्यावांचून राहत नाहीं. ज्या भाषेच्या दडपणाखालीं आपल्या देशी भाषा दीर्घकाळ कण्हत राहिल्या आणि जिच्या शाळेंत मुलाचें नांव घालण्यासाठीं आईबाप आजहि रांगा लावतात, त्याच भाषेच्या लोकांवर कायद्याचें संरक्षण मागण्याची पाळी यावी, ही गोष्ट सहसा पटण्यासारखी नाहीं. परंतु भाषेचें बळ हें जगांत ती किती लोक बोलतात एवढ्यावरच अवलंबून नसतें. ती कोणत्या सरहद्दीच्या आंत बोलली जाते आणि तेथील राज्यसत्ता कोणाच्या हातीं आहे, यावर तें अवलंबून असतें. उत्तर अमेरिकेंतील कॅनडा देशाचा क्वेबेक हा प्रांत याचें बोलकें उदाहरण होय. त्या प्रांतांत इंग्रजी शाळा कोणासाठीं उघडी असावी आणि कोणासाठीं बंद असावी, या एका प्रश्नावर अर्धशतकाहून अधिक काळ कायदे झाले, निवडणुका लढल्या गेल्या, दंगे झाले आणि सर्वोच्च न्यायालयाचे निवाडे लागले.

प्रथम तेथील परिस्थिति ध्यानांत घेतली पाहिजे. कॅनडा देश एकंदरीनें पाहिला तर इंग्रजी बोलणारांचा आहे. फ्रेंच ही ज्यांची मातृभाषा आहे असे लोक त्या देशांत सुमारें एक पंचमांश भरतात; आणि दक्षिणेकडील अमेरिकेचीं संयुक्त संस्थानेंहि हिशेबांत धरलीं, तर इंग्रजीच्या त्या महासागरांत फ्रेंच भाषा एखाद्या बेटाएवढीच उरते. उलट क्वेबेकपुरतेंच पाहिलें तर चित्र पार पालटतें. तेथें सुमारें तीन चतुर्थांश लोक फ्रेंचभाषी असून इंग्रजी ही मातृभाषा सांगणारांचें प्रमाण आज शेंकडा आठ-नऊच्या आसपास आहे. म्हणजे क्वेबेकचा फ्रेंच मनुष्य आपल्या प्रांताच्या विधिमंडळांत बहुसंख्य असतो आणि ओटावा येथील पार्लमेंटांत अल्पसंख्य ठरतो; त्याच्या शेजारीं राहणाऱ्या इंग्रजाची गोष्ट नेमकी याच्या उलट. दोघेहि आपणांस दुबळे समजतात, आणि विशेष हें कीं, दोघांचेंहि म्हणणें आपापल्या परीनें खरें असतें. या एका गोष्टींतून पुढील सर्व भांडण उद्भवलें आहे.

या भांडणाचीं मुळें जुनीं आहेत. शांप्लें नांवाच्या फ्रेंच प्रवाशानें १६०८ सालीं क्वेबेक नगराची स्थापना केली. पुढें दीडशें वर्षांनीं, १७५९ सालीं, त्याच नगराबाहेरील पठारावर इंग्रजांनीं फ्रेंचांचा पराभव केला आणि १७६३ च्या पॅरिसच्या तहानें तो सर्व मुलूख इंग्रजांच्या ताब्यांत गेला. जेत्यांनीं १७७४ च्या कायद्यानें फ्रेंच प्रजेला तिचा कॅथलिक धर्म आणि तिचा दिवाणी कायदा राखण्याची मोकळीक दिली. परंतु १८३७ च्या बंडानंतर चौकशीसाठीं आलेल्या लॉर्ड डरॅम यानें १८३९ सालच्या आपल्या अहवालांत असें मत दिलें कीं, या फ्रेंच लोकांना स्वतःचा इतिहास नाहीं कीं वाङ्मय नाहीं; त्यांना इंग्रजी समाजांत विरघळवून टाकणें हेंच त्यांच्या हिताचें. मेकॉलेसाहेबाचा हिंदुस्थानांतील शिक्षणावरील सुप्रसिद्ध लेख १८३५ सालचा. दोहोंमध्यें अवघ्या चार वर्षांचें अंतर आहे, आणि दोहोंच्या मुळाशीं आत्मविश्वासहि एकाच जातीचा आहे. डरॅमची योजना मात्र सिद्धीस गेली नाहीं. फ्रेंच शेतकऱ्याचें घर मुलांनीं भरलेलें असे, त्याचा पाद्री त्याच्याच भाषेंत बोले, आणि त्याच्या गांवची शाळा त्या पाद्र्याच्या देखरेखीखालीं चाले. या तीन तटबंद्यांच्या आंत भाषा सुरक्षित राहिली.

१८६७ सालीं ब्रिटिश पार्लमेंटाच्या कायद्यानें कॅनडाचें संघराज्य अस्तित्वांत आलें. त्या कायद्याच्या १३३ व्या कलमानें क्वेबेकच्या विधिमंडळांत व न्यायालयांत इंग्रजी आणि फ्रेंच या दोन्ही भाषांना स्थान मिळालें, आणि ९३ व्या कलमानें अल्पसंख्यांच्या शाळांना अभय मिळालें. पण हें अभय देतांना कायदे करणारांनीं भाषेचें नांव न घेतां धर्माचें नांव घेतलें. प्रॉटेस्टंटांच्या शाळा आणि कॅथलिकांच्या शाळा असा भेद त्यांनीं केला. त्या काळीं प्रॉटेस्टंट म्हणजे बहुधा इंग्रज आणि कॅथलिक म्हणजे बहुधा फ्रेंच असें समीकरण असल्यामुळें हें पुरेसें आहे, असें सर्वांस वाटलें. परंतु कुलूप एका दाराला आणि ठेवा दुसऱ्याच खोलींत, असा हा प्रकार होता. आणि तो उघडकीस येण्यास फार वेळ लागला नाहीं.

उघडकीस आला तो क्वेबेकच्या बाहेर, आणि त्याचा फटका बसला तो फ्रेंचांना. मॅनिटोबा प्रांतानें १८९० सालीं फ्रेंच भाषेचें राजभाषेचें स्थान काढून घेतलें आणि १९१६ सालीं तेथील द्विभाषी शाळाहि बंद केल्या. ऑंटेरियो प्रांतानें १९१२ सालीं ‘सतरावा नियम’ या नांवानें कुप्रसिद्ध झालेला हुकूम काढून फ्रेंच माध्यमाचें शिक्षण प्रारंभींच्या एक-दोन वर्षांपुरतें आंखून टाकलें. ओटावाच्या कॅथलिक शाळांचे विश्वस्त न्याय मागण्यासाठीं लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलापर्यंत गेले. मुंबई हायकोर्टावरील अपिलें ज्या न्यायपीठापुढें चालत तेंच हें न्यायपीठ. त्यानें १९१६ सालीं निर्णय दिला कीं, ९३ वें कलम धर्माचें रक्षण करतें, भाषेचें नव्हे. कॅथलिक मुलांना कॅथलिक शाळा मिळाली म्हणजे कायद्याचें समाधान झालें. त्या शाळेंत कोणत्या भाषेंत शिकवावें, हें प्रांतिक सरकारनें ठरवावें. हा निर्णय फ्रेंच लोक विसरले नाहींत. पुढें क्वेबेकच्या कायद्यांत जो कडवटपणा दिसतो, त्यांतील पुष्कळसा या अनुभवांतून आलेला आहे.

इकडे क्वेबेकांत मात्र इंग्रजी समाजाच्या सुखाला उणें नव्हतें. मॉंट्रियल हें कॅनडाच्या व्यापाराचें केंद्र असून पेढ्या, रेल्वे आणि कारखाने यांचीं सूत्रें इंग्रजांच्या हातीं होतीं. १८२१ सालीं सनद मिळालेलें मॅकगिल विश्वविद्यालय त्यांचें होतें. त्यांच्या शाळा संपन्न होत्या. आणि मॉंट्रियलांत सारा जन्म घालवूनहि फ्रेंचचा एक शब्द न बोलतां चांगला संसार करणें इंग्रज मनुष्याला शक्य होतें. ‘ज्याच्या हातीं ससा तो पारधी’ या न्यायानें परदेशांतून आलेला इटालियन किंवा ग्रीक मजूरहि आपल्या मुलांना इंग्रजी शाळेंतच घाली. त्याचा त्यांत दोष नव्हता. कारखान्यांतील वरिष्ठ कोणती भाषा बोलतो हें त्याला रोज दिसत होतें, आणि मुलानें आपल्यासारखी ओझीं वाहूं नयेत ही इच्छा कोणत्या बापाला होत नाहीं?

१९६० नंतर क्वेबेकच्या समाजांत मोठें स्थित्यंतर झालें. त्याला तेथील लोक ‘शांत क्रांति’ म्हणतात. शाळा चर्चच्या हातून निघून सरकारच्या हातीं आल्या आणि १९६४ सालीं शिक्षणाचें स्वतंत्र मंत्रिखातें निघालें. याच सुमारास जन्माचें प्रमाण झपाट्यानें उतरूं लागलें. पूर्वीं पाळण्याच्या जोरावर जी भाषा टिकली, तिला आतां पाळण्याचा आधार उरला नाहीं. परदेशांतून येणारीं माणसें मात्र वाढत होतीं आणि त्यांचीं बहुतेक मुलें, शेंकडा ८५ च्या सुमारास, इंग्रजी शाळेंत जात होतीं. फ्रेंच पुढाऱ्यांनीं साधा त्रैराशिकाचा हिशेब केला. हा ओघ असाच चालला तर एक-दोन पिढ्यांत मॉंट्रियल शहर फ्रेंचांच्या हातून जाणार, हें त्या हिशेबाचें उत्तर होतें.

ठिणगी पडली ती सेंट लिओनार नांवाच्या मॉंट्रियलच्या एका उपनगरांत. तेथें इटालियन कुटुंबांची वस्ती दाट होती. १९६८ सालीं तेथील कॅथलिक शाळामंडळानें पहिल्या इयत्तेपासून फक्त फ्रेंच माध्यम ठेवण्याचा ठराव केला. इटालियन आईबापांनीं मुलें शाळेंत पाठविण्याचें नाकारलें आणि तळघरांतून खासगी वर्ग चालविले. १९६९ च्या सप्टेंबरांत रस्त्यावर मारामाऱ्या झाल्या. घाबरलेल्या सरकारनें त्याच वर्षीं ‘६३ वा कायदा’ करून शाळेचें माध्यम निवडण्याचें स्वातंत्र्य पालकांना दिलें. त्यानें इटालियन आणि इंग्रज शांत झाले. पण फ्रेंच समाज खवळून उठला.

१९७४ सालीं रोबेर बुरास्सा यांच्या सरकारनें ‘२२ वा कायदा’ आणून फ्रेंच ही प्रांताची राजभाषा ठरविली. इंग्रजी शाळेंत जाण्यासाठीं मुलाला इंग्रजीचें पुरेसें ज्ञान आहे कीं नाहीं याची परीक्षा घेण्याची तरतूद त्यांत होती. पांच-सहा वर्षांच्या लेंकरांना अनोळखी परीक्षकापुढें बसवून त्यांच्या भाषेचें वजन करावयाचें, आणि त्यावर त्यांचें पुढील आयुष्य ठरवावयाचें, ही कल्पना ज्याला सुचली त्यानें लहान मुलांना कधीं शिकविलें नसावें. परीक्षकाला पाहून एखादा हुशार मुलगा मुका होतो आणि घोकून आलेला पुढें सरतो, हें कोणाहि अनुभवी शिक्षकाला ठाऊक असतें. या कायद्यानें कोणाचेंच समाधान झालें नाहीं. १९७६ च्या नोव्हेंबरांत बुरास्सा यांचा पक्ष पराभूत झाला आणि रने लेव्हेक यांचा पार्टी क्वेबेकवा हा पक्ष अधिकारावर आला.

त्या सरकारांतील मंत्री डॉ. कामीय लोरॅं यांनीं पुढाकार घेऊन जो कायदा तयार केला तो २६ ऑगस्ट १९७७ रोजीं मंजूर झाला. ‘फ्रेंच भाषेची सनद’ हें त्याचें नांव. लोक त्याला ‘१०१ वा कायदा’ म्हणतात. सरकारी कारभार, कारखाने, दुकानांच्या पाट्या आणि शाळा या सर्वांत फ्रेंचला अग्रस्थान देण्यांत आलें. शाळेच्या बाबतींत परीक्षेची भानगड या कायद्यानें काढून टाकली आणि तिच्या जागीं वंशावळ आणून बसविली. ज्या मुलाच्या आईनें किंवा बापानें क्वेबेकांतच इंग्रजी माध्यमांतून प्राथमिक शिक्षण घेतलें असेल, त्यालाच सरकारी खर्चानें इंग्रजी शाळेंत शिकतां येईल. इतर सर्वांनीं माध्यमिक शिक्षण संपेपर्यंत फ्रेंच शाळेंत जावें, असा नियम झाला. जीं मुलें त्या वेळीं इंग्रजी शाळेंत होतीं त्यांना, त्यांच्या धाकट्या भावंडांना, आणि क्वेबेकांत त्या दिवशीं राहत असलेल्या पण बाहेर इंग्रजींतून शिकलेल्या पालकांच्या मुलांना सवलत मिळाली. मात्र त्यानंतर लंडनहून, न्यूयॉर्कहून, किंवा खुद्द कॅनडांतीलच टोरॉंटो शहरांतून येणाऱ्या इंग्रजाच्या मुलालाहि फ्रेंच शाळेवांचून गति राहिली नाहीं.

परिणाम तत्काळ दिसूं लागले. १९७६ ते १९८१ या पांच वर्षांत एक लक्षाहून अधिक इंग्रजी भाषिक क्वेबेक सोडून इतर प्रांतांत गेले. कांहीं गेले ते भाषेच्या कायद्यामुळें, कांहीं प्रांत फुटून निघेल या भयानें, आणि कांहीं धंदा पश्चिमेकडे सरकत होता म्हणून. जे राहिले त्यांतील कांहीं शिक्षकांनीं कायद्यानें अपात्र ठरलेल्या मुलांना वर्गांत गुपचुप बसवून घेतलें. पटावर नांव नाहीं, गुणपत्रक नाहीं, अशा स्थितींत तीं मुलें वर्षानुवर्षें शिकलीं. शेवटीं १९८६ सालीं सरकारनें माफीचा कायदा करून त्यांना पात्र ठरविलें. ज्या शिक्षणाचा दाखला मिळणार नाहीं तें शिक्षण घेण्यासाठीं मुलें रोज शाळेंत येतात, ही गोष्ट भाषेच्या प्रश्नावरील कोणत्याहि भाषणापेक्षां अधिक बोलकी आहे.

यानंतर प्रश्न प्रांताच्या हातून राज्यघटनेच्या कक्षेंत गेला. १७ एप्रिल १९८२ रोजीं कॅनडाची नवी हक्कांची सनद अंमलांत आली. क्वेबेकच्या विधिमंडळानें तिला संमति दिली नव्हती. तरी ती लागू झाली. तिच्या २३ व्या कलमानें भाषिक अल्पसंख्यांचा शिक्षणाचा हक्क प्रथमच धर्मापासून सोडवून भाषेच्या पायावर उभा केला. ज्या नागरिकानें कॅनडांत कोठेंहि इंग्रजींतून प्राथमिक शिक्षण घेतलें असेल, त्याच्या मुलांना क्वेबेकांत इंग्रजी शाळेचा हक्क मिळाला. आणि तसाच हक्क इतर प्रांतांत फ्रेंचांना मिळाला. मुलांची संख्या पुरेशी असेल तेथें ही शाळा सरकारी खर्चानें चालली पाहिजे, अशीहि तरतूद झाली. मातृभाषेच्या आधारावर मिळणारा हक्क मात्र इतर प्रांतांना लागू झाला. क्वेबेकचें विधिमंडळ संमति देईपर्यंत तो तेथें लागू होणार नाहीं, असें ठरलें. या कलमाचें आणखी एक वैशिष्ट्य आहे. कॅनडाच्या सनदेंतील कांहीं हक्क विधिमंडळाला ठराविक मुदतीसाठीं बाजूस ठेवतां येतात. २३ व्या कलमांतील हक्क तसा बाजूस ठेवतां येत नाहीं. १९८४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें याच कलमाच्या आधारें १९७७ च्या कायद्यांतील ‘क्वेबेकांतच शिकलेले आईबाप’ ही अट रद्द केली, आणि ‘कॅनडांत शिकलेले आईबाप’ ही अट तिच्या जागीं आली.

अशा रीतीनें इंग्रजी शाळा हें एक प्रकारचें वतन बनलें. आईबापांकडून तें मुलांना मिळतें, मुलांकडून नातवंडांना. सरकारकडून मिळणारा पात्रतेचा दाखला ही त्या वतनाची सनद. मूल फ्रेंच शाळेंत घातलें तरी दाखला काढून ठेवणें शहाणपणाचें ठरतें, कारण त्याच्या बळावर पुढील पिढीचा हक्क शाबूत राहतो. आणि जेथें वतन आहे तेथें वतनांत शिरण्याच्या वाटाहि असावयाच्याच. सरकारची मदत न घेणाऱ्या खासगी इंग्रजी शाळेंत मुलाला वर्षभर घालावें आणि त्या शिक्षणाच्या आधारावर सरकारी इंग्रजी शाळेचा हक्क मागावा, अशी युक्ति कांहीं पालकांनीं काढली. या शाळांना ‘पुलाच्या शाळा’ म्हणत. २००२ सालीं सरकारनें हा पूल तोडला. २००९ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा अतिरेकी ठरविला. २०१० सालीं नव्या कायद्यानें पूल ठेवण्यांत आला, पण तो तीन वर्षांचा लांब आणि गुणांकनाच्या अटींनीं अरुंद करण्यांत आला. पैसेवाल्यालाच परवडेल असा हा मार्ग आहे, ही त्यावरील टीका अगदींच अनाठायीं नव्हे.

या सर्वांत एक विचित्र गोष्ट अशी कीं, इंग्रजी शाळेचें दार ज्यांना बंद आहे त्यांत सर्वांत मोठा वर्ग खुद्द फ्रेंचांचा आहे. आपल्या मुलांना इंग्रजी शाळा मिळावी म्हणून कांहीं फ्रेंच पालक न्यायालयांत गेले. २००५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांना सांगितलें कीं, २३ वें कलम हें अल्पसंख्य समाजाच्या रक्षणासाठीं आहे. बहुसंख्य समाजाला माध्यम निवडण्याची मोकळीक देण्यासाठीं नव्हे. तशी मोकळीक दिली तर अल्पसंख्यांची शाळा ही त्यांची शाळा राहणार नाहीं.

येथें आपल्या मुंबई राज्यांतील एका खटल्याची आठवण होणें स्वाभाविक आहे. ६ जानेवारी १९५४ रोजीं मुंबई सरकारनें हुकूम काढला कीं, इंग्रजी माध्यमाच्या शाळांनीं अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरील वंशाचे नागरिक यांचींच मुलें यापुढें घ्यावीं. नाशिकजवळ देवळालीस बार्न्स हायस्कूल चालविणारी बॉम्बे एज्युकेशन सोसायटी न्यायालयांत गेली; तिच्याबरोबर, मुलांना प्रवेश नाकारला गेलेले कांहीं भारतीय पालकहि गेले. मुंबई हायकोर्टानें आणि त्याच वर्षीं मे महिन्यांत दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम रद्द ठरविला. सरकारी मदत घेणाऱ्या शाळेंत केवळ भाषेच्या कारणावरून कोणाहि नागरिकास प्रवेश नाकारतां येणार नाहीं, हें आपल्या घटनेच्या २९ व्या कलमाचें सांगणें आहे. हुकूम दोन्हीकडे जवळजवळ एकच, निवाडे मात्र परस्परविरुद्ध. क्वेबेकांत इंग्रजी शाळेचें कुंपण राखलें गेलें, आपल्याकडे तें पाडलें गेलें. या दोहोंपैकीं कोणत्या देशांत बहुसंख्यांची भाषा शाळांतून अधिक टिकली आणि कोणत्या देशांत पालकांचें स्वातंत्र्य अधिक राहिलें, हें श्रोत्यांना सांगण्याची आवश्यकता नाहीं. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं पूर्णपणें हातीं लागत नाहींत, एवढेंच यावरून शिकावयाचें.

इंग्रजी समाजानें आपली कैफियत जगाच्या दरबारांतहि नेली. दुकानावर फक्त फ्रेंच पाटी लावण्याच्या सक्तीविरुद्ध क्वेबेकांतील कांहीं व्यापाऱ्यांनीं संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीकडे तक्रार केली. १९९३ सालीं समितीनें सांगितलें कीं, या सक्तीनें मतप्रकटनाच्या स्वातंत्र्याचा भंग होतो. परंतु इंग्रजी बोलणारे हे कॅनडा देशांत बहुसंख्य असल्यामुळें अल्पसंख्यांसाठीं असलेल्या कलमाचा लाभ त्यांना मागतां येणार नाहीं. क्वेबेक सरकारनें त्याच वर्षीं कायदा बदलून फ्रेंच अक्षरें ठळक ठेवून दुसऱ्या भाषेला पाटीवर जागा दिली. म्हणजे आंतरराष्ट्रीय समितीच्या दृष्टीनें ते अल्पसंख्य नव्हेत, आणि स्वतःच्या देशाच्या घटनेच्या दृष्टीनें ते अल्पसंख्य आहेत. मनुष्य तोच, पण मोजणाराची फूटपट्टी बदलली कीं त्याची उंची बदलते.

शाळा मिळणें ही एक गोष्ट आणि शाळा चालविण्याचा अधिकार मिळणें ही दुसरी. १९९० सालीं अल्बर्टा प्रांतांतील फ्रेंच पालकांच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, २३ व्या कलमांत शाळेच्या व्यवस्थापनांत पालकांचा हात असण्याचा हक्कहि अंतर्भूत आहे. फ्रेंचांनीं मिळविलेला हा निर्णय पुढें क्वेबेकच्या इंग्रजांच्या उपयोगी पडला. १९९८ पासून क्वेबेकांतील शाळामंडळें धर्माऐवजीं भाषेच्या तत्त्वावर उभारण्यांत आलीं. १८६७ सालीं चुकीच्या दाराला लावलेलें कुलूप अशा रीतीनें १३१ वर्षांनीं योग्य दाराला लागलें. २०२० सालीं सरकारनें हीं निवडून आलेलीं मंडळें मोडण्याचा कायदा केला, तेव्हां इंग्रजी मंडळांनीं न्यायालयाचा आश्रय घेतला. २०२३ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला आणि २०२५ सालीं अपील न्यायालयानें तो बहुतांशीं कायम केला.

२०२२ सालीं ‘९६ वा कायदा’ होऊन भाषेची सनद आणखी कडक करण्यांत आली. शालेय शिक्षणानंतरच्या ज्या महाविद्यालयांना तेथें ‘सेजेप’ म्हणतात, त्यांत १९७७ पासून माध्यमाची निवड विद्यार्थ्याकडे होती. आतां इंग्रजी सेजेपांतील विद्यार्थी एकूण संख्येच्या शेंकडा साडेसतरापेक्षां अधिक नसावेत, अशी मर्यादा घातली गेली. तात्पुरत्या परवान्यावर आलेल्या परदेशी नोकरदारांच्या व विद्यार्थ्यांच्या मुलांना इंग्रजी शाळेची जी सवलत होती, तीहि तीन वर्षांपुरती आंखली गेली. मुंबई-पुण्याकडून मॉंट्रियलला नोकरीसाठीं जाणाऱ्या कुटुंबांनाहि हाच नियम लागू आहे. घरीं मराठी, पूर्वीची शाळा इंग्रजी, आणि नवी शाळा फ्रेंच, अशी त्रिस्थळी यात्रा त्या मुलांच्या वांट्यास येते.

या सर्व उठाठेवीचें फळ काय? फ्रेंचांच्या दृष्टीनें पाहिलें तर कायद्यानें आपलें काम चोख केलें. परदेशांतून आलेल्या कुटुंबांचीं बहुसंख्य मुलें, पूर्वींच्या अगदीं उलट, आज फ्रेंच शाळेंत जातात, आणि मॉंट्रियलच्या फ्रेंच वर्गांत जगांतील सर्व खंडांतलीं मुलें एका बाकावर बसतात. इंग्रजी शाळांच्या दृष्टीनें पाहिलें तर १९७० च्या सुमारास त्यांच्या पटावर सुमारें अडीच लक्ष मुलें होतीं. आज तीं एक लक्षाच्या आसपास उरलीं आहेत. एखाद्या लहान गांवांतील इंग्रजी शाळा बंद पडते तेव्हां केवळ एक इमारत रिकामी होत नाहीं. पुढील पिढीला तेथें राहण्याचें कारण उरत नाहीं, आणि कांहीं वर्षांनीं तेथील इंग्रजी प्रार्थनामंदिर व वाचनालयहि ओस पडतात. शाळा ही समाजाची मूळ विहीर आहे. ती आटली म्हणजे भोंवतालची वस्ती आपोआप उठते.

परंतु याच इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती कायद्याच्या पुस्तकांत न सांपडतां शाळेच्या वर्गांत सांपडते. १९६५ सालीं, म्हणजे हे कायदे होण्यापूर्वींच, मॉंट्रियलजवळच्या सेंट लॅंबर्ट गांवांतील कांहीं इंग्रज मातांनीं विचार केला कीं, आपण फ्रेंचांच्या देशांत राहतों आणि आपलीं मुलें बारा वर्षें फ्रेंच शिकूनहि शेजाऱ्याशीं चार वाक्यें बोलूं शकत नाहींत; तेव्हां दोष शिकविण्याच्या रीतींत असला पाहिजे. त्यांनीं शाळामंडळाच्या मागें लागून बालवर्गापासून सर्व विषय फ्रेंचमधून शिकविणारा एक वर्ग काढविला. मंडळानें तो नाखुषीनेंच काढला. मॅकगिलच्या वॉलेस लॅंबर्ट या मानसशास्त्रज्ञानें त्या मुलांची वर्षानुवर्षें पाहणी केली. मुलांचें फ्रेंच उत्तम झालें, आणि इंग्रजीचीहि हानि झाली नाहीं, असें आढळून आलें. ही पद्धति पुढें सबंध कॅनडाभर पसरली आणि आज जगांतील अनेक देशांत तिचें अनुकरण होतें. सरकारच्या सक्तीनें जें साधण्यास दंगे आणि खटले लागले, तें चार आयांनीं आपल्या समजुतीनें एका वर्गांत साधून दाखविलें.

यावरून कांहीं गोष्टी निश्चित होतात. ज्या भूमींत आपण राहतों तेथील भाषा मुलांनीं शिकावी, असें राज्यानें म्हणणें गैर नाहीं. त्यांत मुलांचेंहि हित आहे. लहान भाषेला मोठ्या भाषेच्या लोंढ्यापासून वांचविण्यासाठीं कायद्याचा बांध घालणें हेंहि अन्याय्य म्हणतां येत नाहीं. मात्र बांध घालतांना, जो समाज तेथें पिढ्यान् पिढ्या नांदत आला त्याची शाळा बुडणार नाहीं, ही जबाबदारी बांध घालणारावर असते. आणि अल्पसंख्य समाजानेंहि हें ओळखावें कीं, न्यायालयाचा निवाडा शाळेचें दार उघडें ठेवूं शकतो, पण शेजाऱ्याचें मन उघडूं शकत नाहीं. त्याला शेजाऱ्याची भाषाच लागते.

मराठी माणसाला हा प्रश्न परका नाहीं. महाराष्ट्रांत तो बहुसंख्य आहे, आणि बेळगांवांत, इंदुरांत, बडोद्यांत तोच अल्पसंख्य आहे. १९५६ सालीं आपल्या घटनेंत घातलेल्या ‘३५० अ’ या कलमानें भाषिक अल्पसंख्यांच्या मुलांना मातृभाषेंतून प्राथमिक शिक्षणाची सोय करून देण्याचें कर्तव्य प्रत्येक राज्यावर सोंपविलें आहे. त्या कलमाचा आधार बेळगांवच्या मराठी शाळेसाठीं घेतांना, तेंच कलम सोलापुरच्या कन्नड शाळेलाहि लागू आहे, याचें स्मरण ठेवावें लागतें. घेण्याचा शेर आणि देण्याचा शेर एकच असला पाहिजे. क्वेबेकच्या फ्रेंचांना ऑंटेरियोंतील आपल्या भावांसाठीं जें मागावें लागलें, तेंच आपल्या घरच्या इंग्रजांना द्यावें लागलें. हा धडा गिरविण्यास त्यांना शंभर वर्षें लागली, आणि अजूनहि तो पुरा झालेला नाहीं.